पाण्याची वेळ, माणसांचा वेळ : विटा परिसराचा अनुभव काय सांगतो?

पाणी कमी असणे आणि पाण्याचा भरवसा नसणे या दोन गोष्टी वरवर एकच वाटल्या, तरी त्या भिन्न आहेत. पहिलीची मोजदाद शासकीय कागदपत्रांत होते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर, ती नसलेल्या नगरात ७० लिटर, जलजीवन मिशनमधील खेड्यात ५५ लिटर, असे निकष ठरलेले आहेत. एकूण पुरवठ्याला लोकसंख्येने भागले की निकष पाळला गेला किंवा नाही, हे कागदावर सिद्ध होते. दुसऱ्या गोष्टीची मोजदाद मात्र घराघरांत होते. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी, 'पाणी आले', 'नाही आले', 'रात्री दोनला आले' अशी ती पेन्सिलीने लिहिलेली असते. वर्ष संपले की ती दिनदर्शिका रद्दीत जाते आणि तिच्याबरोबर त्या गल्लीच्या पाण्याचा इतिहासही.

या नोंदींना काही मोल आहे काय, आणि असल्यास त्यांतून धोरण घडू शकते काय, हा प्रश्न विचारण्यास विटा आणि त्याभोवतालचा खानापूर तालुका यांच्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. नागरिकांच्या अनुभवातून पाणीप्रश्नावर उत्तर शोधण्याचे महाराष्ट्रातील काही महत्त्वाचे प्रयत्न याच टापूत झाले. त्यांपैकी काही यशस्वी झाले, काही अर्धवट राहिले.

नदी आहे, पाणी नाही

सांगली जिल्हा म्हटले की बाहेरच्या वाचकाला कृष्णाकाठचा ऊस, हळद आणि अलीकडच्या काळात महापूर आठवतो. परंतु जिल्ह्याचा पूर्व व ईशान्य भाग पर्जन्यछायेत मोडतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके वर्षानुवर्षे दुष्काळी म्हणूनच ओळखले गेले. खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४८ हजार लोकवस्तीचे शहर आहे. येथे यंत्रमाग आहेत, कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय आहे. परंतु या परिसराची देशभर ओळख आहे ती गलाई व्यावसायिकांमुळे. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे कसब घेऊन येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत, अनेक राज्यांतील सराफ पेठांत जाऊन स्थिरावली. या स्थलांतराकडे उद्यमशीलतेची गौरवगाथा म्हणून पाहिले जाते, आणि ते खोटे नाही. पण बेभरवशाच्या पाण्यावर कुटुंबांनी शोधलेले ते सर्वांत जुने उत्तर आहे, हेही विसरता कामा नये. योजना आणणे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी आपली मुले बाहेर पाठविली.

तालुक्याच्या जीवनाशी निगडित असलेली येरळा नदी सातारा जिल्ह्यातील खटाव भागातून येते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून लोकांना बाहेर काढताना नाव उलटून दुर्घटना घडली, ते हेच ब्रह्मनाळ. ज्या नदीच्या मुखाशी माणसे पुरात बुडतात, तिच्याच वरच्या पात्रात वर्षाचा बराच काळ वाळू उघडी पडलेली असते. या विसंगतीचे आणखी एक उदाहरण एप्रिल २०१६ मधील आहे. लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे तेव्हा मिरजेहून सुटली. पहिल्या फेरीत प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या. देशभर त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्याच उन्हाळ्यात त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील गावांत टँकर फिरत होते. ती छायाचित्रे फारशी कोणी काढली नाहीत.

बळवडीचा प्रश्न आणि बळवडीचे उत्तर

विट्याच्या परिसरात येरळेकाठी बळवडी हे गाव आहे. पलीकडच्या काठावर तांदुळवाडी. या दोन गावांनी १९८० च्या दशकात जे केले, ते आजही पाणीप्रश्नाच्या अभ्यासकांना आवर्जून वाचावे लागते.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबे गिरणीच्या पगारावर चालत होती. संप लांबला तसे कामगार गावी परतले, आणि गावात दुष्काळ होता. हाताला काम म्हणून रोजगार हमीची कामे होती. त्यांत खडी फोडण्याचे काम मोठे. (रोजगार हमीची कल्पनाही याच जिल्ह्यातील. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये झाला होता.) डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीने या कामगार-शेतकऱ्यांना संघटित केले. आरंभीच्या मागण्या नेहमीच्याच होत्या : काम द्या, मजुरी वेळेवर द्या. परंतु खडी फोडता फोडता प्रश्न बदलला. ही खडी फोडून आमचा दुष्काळ कसा हटणार? दरवर्षी हेच करायचे असेल, तर दुष्काळ हटावा असे कोणाला वाटते तरी काय?

यानंतर जे घडले ते आंदोलनांच्या इतिहासात दुर्मीळ आहे. लोकांनी आपल्या गावाची पाहणी स्वतः केली. पाऊस किती पडतो, पूर्वी कोणती पिके घेतली जात, विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके, आता कधी आटते, ऊस किती क्षेत्रावर आहे, झाडे कधी तुटली, याची माहिती गोळा झाली. लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्ते, विद्यार्थी व अभियंते यांनी तिला शास्त्रीय आधार दिला. हाती आलेले चित्र सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे होते. दुष्काळाचे सारे खापर पावसावर फोडता येत नव्हते. थोड्या क्षेत्रावरील उसाकडे जाणारे पाणी, उजाड झालेली जमीन आणि येरळेच्या पात्रातून ठेकेदारांनी उपसलेली वाळू यांचाही त्यात वाटा होता.

वाळूचा मुद्दा सरळ अनुभवातून आला होता. पात्रात वाळू जाड असली की पुराचे पाणी तिच्यात मुरून राहते आणि काठावरच्या विहिरींना पाझरत राहते. वाळू गेली की पाणी वाहून जाते व विहिरी लवकर कोरड्या पडतात. काठावरच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या विहिरीत दोर किती सोडावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. शासनाच्या लेखी मात्र वाळू हे लिलावातून स्वामित्वधन मिळवून देणारे गौण खनिज होते.

गावकऱ्यांची मागणी वरकरणी विरोधाभासी वाटावी अशी होती. ठेकेदारांचा बेसुमार उपसा बंद करा, आणि मर्यादित प्रमाणात वाळू विकण्याचा हक्क गावाला द्या. त्या पैशातून आम्ही येरळेवर आमचे धरण बांधू. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभले. बळवडीचे संपतराव पवार आणि त्यांचे सहकारी स्थानिक पातळीवर आघाडीवर होते. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी येऊन श्रमदान केले. शासनाशी दीर्घ झगडा झाल्यावर परवानगी मिळाली आणि दशकाच्या अखेरीस 'बळीराजा स्मृती धरण' उभे राहिले.

बांधापेक्षा महत्त्वाचे होते ते पाणीवाटपाचे सूत्र. पाण्यावर हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबाच्या नावे, भूमिहीनालाही वाटा, आणि या पाण्यावर ऊस नाही. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा कालव्याच्या पाण्याचा सर्वमान्य नियम. तो या दोन छोट्या गावांनी नाकारला. हे सूत्र तज्ज्ञांच्या अहवालातून आयते मिळालेले नव्हते. ज्यांनी एकत्र खडी फोडली, त्यांच्यापैकी निम्म्यांना पाणी द्यावयाचे आणि निम्म्यांना नाही, हे त्यांना पटणारे नव्हते, इतके साधे ते होते.

धरण लहान आहे आणि नदी लहरी आहे. बळीराजा धरणाने तालुक्याचा दुष्काळ संपविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे खरे फळ पुढच्या लढ्यात दिसले.

आटपाडीपासून टेंभूपर्यंत

कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोपर्यंत पाणी अडविले नाही तर हक्क गमावू, ही भीती १९९० च्या दशकात सर्वत्र होती. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे पाणी परिषद भरली. सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुके तिच्या छत्राखाली आले. डॉ. पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्यासारखे नेते तीत होते. नागनाथअण्णा २०१२ मध्ये व गणपतराव २०२१ मध्ये निवर्तले. परिषदेची परंपरा मात्र त्यांच्या हयातीत वर्षानुवर्षे चालू राहिली.

या परिषदेने कृष्णेचे पाणी मागितले, तसेच ते समान मागितले : प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांसह. बळवडीच्या दोन गावांतील सूत्र तेरा तालुक्यांची मागणी झाले.

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी टेंभू उपसा सिंचन योजनेला मान्यता मिळाली. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि सांगोला या तालुक्यांपर्यंत न्यावयाची ही योजना. निधीअभावी ती रखडत गेली आणि तिचे पाणी दुष्काळी भागात पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. पण पोहोचल्यावर अनिश्चिततेचा नवाच प्रकार लोकांच्या अनुभवास आला. आता पाणी पावसावर नव्हे, तर विजेच्या बिलावर अवलंबून होते. थकबाकी वाढली की पंप बंद. पंप बंद की उभे पीक धोक्यात. नदीत पाणी आहे, पंप आहेत, कालवा आहे, आणि तरीही आवर्तन केव्हा सुटेल ते सांगता येत नाही, अशी ही स्थिती होती. वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा, हे सूत्र पुढे स्वीकारले गेले, ते या अनुभवाच्या आणि त्यामागच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे. तंत्रज्ञाच्या आराखड्यात उपशाची उंची असते, पाण्याचा वेग असतो. बिल कोण भरणार आणि न भरल्यास काय होणार, हे क्वचितच असते. शेतकऱ्याच्या हिशेबात ते पहिल्या ओळीत असते.

नळाच्या टोकाशी

शेतीच्या पाण्याला चळवळ लाभली. शहरातील नळाच्या पाण्याला ती अभावानेच लाभते. मुंबईत गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' ही पदवी दिली, त्याला कारण होते. हंडे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचा अनुभव त्यांनी महापालिकेच्या आणि नंतर विधानसभेच्या सभागृहात नेला. परंतु लहान व मध्यम शहरांत पाण्याची तक्रार ही गल्लीतील कुरकूर म्हणूनच राहते.

यामागे एक यांत्रिक कारणही आहे. विट्यासारख्या उंचावरील गावांना नदीचे पाणी दुरून उपसून आणावे लागते. पाणी आधी जलशुद्धीकरण केंद्रात, मग उंच टाक्यांत, आणि तेथून विभागवार व्हॉल्व्ह उघडून नळांत सोडले जाते. मुख्य वाहिनी फुटली, वीज गेली, पंप नादुरुस्त झाला, की टाकी भरण्यास उशीर होतो आणि पुढच्या प्रत्येक विभागाची वेळ ढकलली जाते. ज्या विभागाचा क्रम शेवटचा, त्याची वेळ मध्यरात्री येते. त्यातही टाकीजवळच्या व सखल भागातील घरांना आधी आणि भरपूर दाबाने पाणी मिळते. उंचावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांना ते उशिरा व करंगळीएवढ्या धारेने येते. मग कोणी तरी नळाला थेट मोटर जोडतो. शेजाऱ्याचा दाब आणखी कमी होतो, म्हणून तोही जोडतो. जो जोडत नाही, त्याला पाणी मिळत नाही. नगरपालिका यास पाणीचोरी म्हणते, आणि कायद्याने ती आहेही. पण मूळ रोग वेळेचा व दाबाचा आहे, मोटर हे त्याचे लक्षण आहे.

पुढचा परिणाम आरोग्याचा. वाहिनी रिकामी असताना तिच्यातील दाब नाहीसा होतो आणि फटींतून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणूनच ती पहिली बादली बाजूला ठेवते. या घरगुती ज्ञानाला कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथील संशोधनाने पुष्टी दिली. तेथे काही भागांत चोवीस तास तर उर्वरित शहरात अधूनमधून पाणी येत असे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अधूनमधून येणाऱ्या नळांच्या ३१.७ टक्के नमुन्यांत मलजन्य ई. कोलाय जीवाणू आढळले. अखंड पुरवठ्याच्या नमुन्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते.

चोवीस तास पाणी हे लहान गावाला न परवडणारे स्वप्न आहे, असे म्हणण्याची सोय सातारा-सांगलीकरांना नाही. विट्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कराडला लागून असलेल्या मलकापूरने ते करून दाखविले आहे. प्रत्येक जोडणीला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर, ही तेथील योजनेची मुख्य अंगे. लोकांना समजावून सांगण्यात वेळ गेला, कारण मीटर म्हटले की बिल वाढणार, हा सर्वांचा पहिला समज असतो. मलकापूरला नदी जवळ आहे, हे खरे. विट्याचा उपसा-खर्च त्याहून वेगळा. पण पाणी कधीही मिळेल याची खात्री असेल, तर कोणी शिळे म्हणून काल भरलेले पिंप आज ओतून देत नाही. अनिश्चितता स्वतःच पाणी वाया घालविते.

संदेश पाठवून भागते काय?

अखंड पुरवठा लगेच शक्य नसेल, तर निदान वेळ तरी कळवावी, असा एक मध्यममार्ग सुचविला जातो. तो दिसतो तितका सोपा नाही. बंगळूरमध्ये 'नेक्स्टड्रॉप' या उपक्रमाने नागरिकांच्या मोबाईलवर पाणी येण्याची सूचना पाठविण्यास सुरुवात केली होती. व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी कळविणार, आणि संदेश घरी जाणार. संशोधकांनी त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नळाची वाट पाहण्यात जाणारा वेळ फारसा घटला नव्हता. साखळीतील पहिलीच कडी, म्हणजे व्हॉल्व्हमन, वेळेवर व अचूक कळवीलच असे नव्हते. त्याच्यावर आधीच कामाचा बोजा, त्यात वेळ चुकली तर शिव्या त्यालाच. माहिती पाठविण्याचा त्याला तोटाच अधिक होता.

हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी उपयोगी आहे. व्हॉल्व्हमनला गावाच्या पाण्याविषयी जे ठाऊक असते, ते पाणीपुरवठा विभागाच्या नकाशातही नसते. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवावा, कोणत्या गल्लीत धार बसते, कोठे जुनी वाहिनी जमिनीखाली हरवली आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की जाते. नागरिकांच्या अनुभवाची नोंद करावयाची असेल, तर नळाच्या एका टोकाला गृहिणी आणि दुसऱ्या टोकाला हा कर्मचारी, अशा दोघांचीही करावी लागेल. दोघेही पाणी समितीच्या बैठकीत सहसा नसतात.

बैठकीचा प्रश्न कायद्याशी येऊन थांबतो. खेड्यात ग्रामसभा आहे, ग्राम पाणीपुरवठा समिती आहे. २००३ पासून राबविलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात महिला ग्रामसभेलाही स्थान होते. महानगरांत वॉर्ड समित्या आहेत, निदान कागदावर. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्यांची सक्ती केली ती तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती. विट्यासारखे पन्नास हजारांच्या आसपासचे शहर या दोहोंच्या मध्ये सापडते. ते गाव नसल्याने ग्रामसभा नाही, आणि मोठे नसल्याने वॉर्ड समिती बंधनकारक नाही. नगरसेवकाच्या दारात जाणे, नगरपरिषदेत अर्ज देणे किंवा मोर्चा काढणे, एवढेच मार्ग उरतात.

तरीही विट्याच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले. असा क्रमांक केवळ झाडू आणि घंटागाडीने येत नाही. ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याचे काम घरोघरी, रोज, न कंटाळता व्हावे लागते, आणि त्या सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायालाही गुण असतात. पाण्याच्या वेळेची नोंद हे त्याहून हलके काम आहे. प्रत्येक व्हॉल्व्हमागे तीन घरे पुरेत : एक टाकीजवळचे, एक मधले, एक शेवटच्या टोकाचे. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, बादली भरण्यास किती मिनिटे लागली, पहिले पाणी गढूळ होते काय, एवढ्या चारच गोष्टी. बादली आणि घड्याळ घेऊन कोणालाही दाब मोजता येतो. त्याशेजारी व्हॉल्व्हमनची वही ठेवली आणि महिन्याअखेर दोन्ही ताडून पाहिल्या, तर पाणी टाकीतच कमी होते की वाटेत हरवले, हे समजू लागेल. गळती शोधण्यासाठी कोठे खणावयाचे, कोणत्या विभागाचा क्रम आळीपाळीने बदलावयाचा, मध्यरात्रीची पाळी दर महिन्याला एकाच वस्तीवर का येते, हे प्रश्न मग अंदाजाने सोडवावे लागणार नाहीत.

अशा नोंदीत एक अडचण हमखास येईल. ज्या घरांत सर्वांत कमी पाणी येते, त्या घरांतील माणसे दिवसभर कामावर असतात. वही भरण्यास तेथे कोणी नसते. यंत्रमागावरील कामगाराची पाळी आणि नळाची पाळी एकाच वेळी आली, तर पाणी जाते किंवा हजेरी जाते. बळवडीत पाहणी झाली ती अशाच लोकांच्या दारात जाऊन, त्यांच्या सवडीच्या वेळी, आणि त्यांच्यातीलच माणसांनी केली होती.